जपानचे गट उघड्यावरच राहू देत

जानेवारी २०२४ मध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान फुमिओ किशिदा यांनी एक घोषणा केली. पक्षातल्या ज्या गटातून, म्हणजे एका नेत्यामागे उभ्या राहणाऱ्या खासदारांच्या कड्यातून, ते वर आले, तो 'कोचिकाई' गट विसर्जित करण्याचा विचार असल्याचं त्यांनी सांगितलं. हा गट १९५७ साली हायातो इकेदांनी बांधला होता आणि त्याने देशाला अनेक पंतप्रधान दिले होते. दुसऱ्याच दिवशी सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षातल्या आबे गटाने आणि निकाई गटानेही तोच निर्णय घेतला. पुढच्या काही महिन्यांत तारो आसो यांचा गट वगळता सगळ्या मोठ्या गटांनी आपल्या पाट्या उतरवल्या. हे बरंच झालं, असं जगभरच्या बहुतेक भाष्यकारांनी लिहिलं. मला तसं वाटत नाही. गटांनी मेजवान्यांच्या तिकिटांचा पैसा हिशेबात न दाखवण्याचा जो घोटाळा यामागे होता तो खरा होता, त्याची शिक्षा व्हायलाच हवी होती. पण गट ही संस्थाच मोडून जपानी मतदाराच्या हाती काही आलेलं नाही. पंतप्रधान ठरवणारी ताकद होती तिथेच राहिली. फक्त ती कोणाकडे किती आहे, हे बाहेरून दिसणं अवघड झालं.

हा प्रश्न एका पक्षाचा घरगुती मामला नाही. १९५५ साली स्थापन झालेला हा पक्ष आजवर फक्त दोनदा सत्तेबाहेर गेला: १९९३-९४ मध्ये वर्षभरापेक्षा कमी काळ आणि २००९ ते २०१२ अशी तीन वर्षं. म्हणून पक्षाध्यक्षाची निवडणूक हीच बहुतेक वेळा पंतप्रधानाची निवडणूक ठरते. या निवडणुकीत मत असणारे वर्गणीदार सदस्य दहा लाखांच्या आसपास आहेत आणि देशात मतदार दहा कोटींहून अधिक आहेत. म्हणजे शंभरातल्या एकाला मत आहे, आणि त्या मतालाही पूर्ण वजन नाही, हे पुढे येईलच. इतक्या लहान दाराआड देशाचा नेता ठरत असेल, तर दाराआड कोण बसलंय हे माहीत असण्याचा हक्क बाकीच्या नव्व्याण्णवांना आहे. माझा सगळा आग्रह या हक्कापुरता आहे.

गटांचा जन्मच अशा निवडणुकीतून झाला. डिसेंबर १९५६ मध्ये पक्षाध्यक्षपदाची पहिली खरी लढत झाली. नोबुसुके किशी, तानझान इशिबाशी आणि मित्सुजिरो इशी असे तिघे रिंगणात होते. पहिल्या फेरीत किशींना २२३, इशिबाशींना १५१ आणि इशींना १३७ मतं पडली. कोणालाच निम्म्याहून जास्त नव्हती. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लोकांनी हातमिळवणी केली, आणि दुसऱ्या फेरीत इशिबाशी २५८ विरुद्ध २५१ अशा सात मतांनी जिंकले. त्या लढतीत पदांची आश्वासनं सढळ हाताने वाटली गेली आणि पैसाही फिरला. सात मतांनी पंतप्रधानपद हुकू शकतं, हा धडा पक्षातल्या प्रत्येक महत्त्वाकांक्षी नेत्याने घेतला. आपल्यामागे ठाम उभं राहणारं खासदारांचं कडं हवं, ते वर्षभर सांभाळायला हवं, त्याला निवडणुकीत पैसा आणि नंतर पद द्यायला हवं. तेव्हाच्या आठ गटांना वर्तमानपत्रं 'आठ डिव्हिजन' म्हणत, सैन्यातल्यासारख्या. १९६४ च्या लढतीत तर दोन गटांकडून पैसे घेणाऱ्याला 'निक्का', तिघांकडून घेणाऱ्याला 'सनटोरी' आणि सगळ्यांकडून घेणाऱ्याला 'ओल्ड पार' अशी व्हिस्कीची नावं पडली होती.

पण नुसत्या लालसेने कोणतीही व्यवस्था सत्तर वर्षं टिकत नाही. गटांना जमीन दिली ती निवडणूक पद्धतीने. १९९३ पर्यंत कनिष्ठ सभागृहाच्या बहुतेक मतदारसंघांतून तीन ते पाच खासदार निवडून जात आणि मतदाराला मात्र एकच मत असे. बहुमत हवं असेल तर पक्षाला एकाच मतदारसंघात दोन, तीन, कधी चार उमेदवार उभे करावे लागत. हे उमेदवार विरोधी पक्षाशी जितके लढत त्याहून जास्त एकमेकांशी. पक्षाचा झेंडा सगळ्यांचाच, त्यामुळे पक्ष कोणा एकाला मदत करू शकत नसे. मदत मिळे ती गटाकडून. तोक्योच्या उत्तरेकडच्या गुन्मा प्रांतातला तिसरा मतदारसंघ हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. चार जागांच्या त्या एका मतदारसंघातून ताकेओ फुकुदा, यासुहिरो नाकासोने आणि केइझो ओबुची हे तिघेही निवडून येत. एकाच पक्षाचे, तीन वेगळ्या गटांचे, आणि पुढे तिघेही पंतप्रधान झाले. फुकुदा आणि नाकासोने या दोन उंच इमारतींच्या बेचक्यातलं आपण रामेनचं दुकान आहोत, असं ओबुची स्वतःबद्दल म्हणत. त्या बेचक्यात तग धरायची तर मोठ्या गटाचा आधार लागतच होता.

या गटांनी दिलं काय, याचा हिशेब मांडताना लोक फार घाई करतात. एकच पक्ष दशकानुदशकं सत्तेत असताना धोरण बदललं, ते बऱ्याचदा गटांमुळे. १९६० मध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध तोक्योच्या रस्त्यांवर प्रचंड आंदोलन झालं आणि किशींना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्यानंतर इकेदा आले, ते वेगळ्या गटाचे आणि वेगळ्या मतांचे. राज्यघटना आणि लष्कर या वादातून त्यांनी देशाचं लक्ष काढलं आणि दहा वर्षांत उत्पन्न दुप्पट करण्याच्या योजनेकडे वळवलं. १९७४ मध्ये पैशाच्या व्यवहारांवरून काकुएई तानाका गेले, तेव्हा पक्षाने ताकेओ मिकींना आणलं. मिकींचा गट लहान होता, पण त्यांची ओळख स्वच्छ राजकारणासाठी झगडणारा अशी होती. अमेरिकी विमान कंपनीच्या लाचखोरीच्या लॉकहीड प्रकरणात तानाकांना अटक झाली ती मिकी पंतप्रधान असतानाच, १९७६ मध्ये. पक्षात दुसरं बळ जिवंत नसतं, तर ही चौकशी एवढी पुढे गेली असती असं मला वाटत नाही.

तरीही हे मतदाराच्या हातून घडलेलं सत्तांतर नव्हतं, याची बोच राहतेच. १९७२ मध्ये तानाका आणि फुकुदा यांची लढत झाली. पहिल्या फेरीत १५६ विरुद्ध १५०, दुसरीत २८२ विरुद्ध १९०. ते वैर मग आठ वर्षं संपलं नाही. १९७९ मध्ये तर पंतप्रधान निवडताना एकाच पक्षाचे दोन उमेदवार, तेव्हाचे पंतप्रधान मासायोशी ओहिरा आणि फुकुदा, संसदेत एकमेकांसमोर उभे राहिले आणि ओहिरा १३८ विरुद्ध १२१ मतांनी जिंकले. पुढच्या मे महिन्यात विरोधकांचा अविश्वास ठराव आला, तेव्हा फुकुदा आणि मिकी गटांचे खासदार सभागृहात गेलेच नाहीत. ठराव संमत झाला. निवडणूक लागली आणि ऐन प्रचारात ओहिरांचा मृत्यू झाला. गट कितपत खाली घसरू शकतात, हे त्या भांडणांनी जपानला दाखवलं.

त्या काळातली एक गोष्ट मात्र आज गट मोडणाऱ्यांनी पुन्हा वाचायला हवी. गट विसर्जित करण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. १९६३ मध्ये मिकींच्याच समितीने गट बरखास्त करा असा अहवाल दिला होता. १९७७ मध्ये फुकुदांच्या काळात गट औपचारिकरीत्या बरखास्तही झाले. त्यांच्याऐवजी सामान्य सदस्यांना मत देणारी प्राथमिक फेरी आणली गेली, म्हणजे गटप्रमुखांची पकड सुटेल. झालं उलटंच. १९७८ च्या पहिल्याच प्राथमिक फेरीसाठी गटांनी गावोगाव सदस्य नोंदवले, तानाकांच्या यंत्रणेने ओहिरांसाठी घरोघर फिरून मतं गोळा केली आणि पहिल्या क्रमांकाची खात्री बाळगून बसलेले पंतप्रधान फुकुदा हरले. आभाळाच्या आवाजातही कधीकधी विचित्र आवाज असतो, असं म्हणून ते बाजूला झाले. १९९४ मध्ये पक्षाने पुन्हा गट मोडले, 'धोरण गट' असं नाव दिलं आणि थोड्याच दिवसांत तीच माणसं दर गुरुवारी दुपारी त्याच खोल्यांत डबे खायला जमू लागली. पाटी याआधीही उतरली आणि दर वेळी परत लागली. मग या वेळी काय वेगळं घडेल?

वेगळं घडू शकतं असं मानायला एक आधार जरूर आहे. १९९४ च्या सुधारणांनी एका जागेचे मतदारसंघ आले आणि पक्षांना सरकारी अनुदान सुरू झालं. उमेदवारी आणि पैसा, दोन्हीची किल्ली पक्ष मुख्यालयाकडे गेली. जुनइचिरो कोइझुमींनी ते ओळखलं. २००१ मध्ये पक्षाची मोडतोड करीन असं सांगत ते उभे राहिले आणि सदस्यांच्या १४१ पैकी १२३ मतं घेऊन आले. सर्वांत मोठ्या गटाचे माजी पंतप्रधान र्युतारो हाशिमोतो समोर असूनही खासदारांना त्या लाटेपुढे मान तुकवावी लागली. मंत्रिमंडळ बनवताना गटांच्या याद्या त्यांनी बाजूला ठेवल्या. मला तो प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे गट कोणी बरखास्त केले नव्हते. मतांचं वजन बदललं आणि ते आपोआप हलके झाले.

पण कोइझुमी गेले आणि जुनी सवय परतली. २०१५ मध्ये सेइको नोदा यांना शिन्झो आबेंविरुद्ध उभं राहायचं होतं. त्यासाठी वीस खासदारांच्या सह्या लागतात. सातही गट आबेंच्या मागे उभे राहिल्यावर त्यांना वीस सह्या जमवता आल्या नाहीत आणि निवडणूकच झाली नाही. २०२० मध्ये आबेंनी राजीनामा जाहीर केल्यावर काही दिवसांत सातपैकी पाच गट योशिहिदे सुगांच्या पाठीशी गेले. सर्व सदस्यांचं मतदान टाळण्यात आलं, आणि निकाल लागण्याआधीच सगळ्या देशाला निकाल ठाऊक होता. ३७७ मतं घेऊन सुगा आले आणि वर्षभरात गेले. त्याआधी, १९९१ मध्ये, ४९ वर्षांच्या इचिरो ओझावांनी आपल्या कार्यालयात बोलावून ७२ वर्षांच्या किइची मियाझावांसह तिन्ही इच्छुकांच्या मुलाखती घेतल्या होत्या, कारण सर्वांत मोठा गट कोणाला मत देणार हे त्यांच्या हातात होतं. गट लोकशाहीचं किती नुकसान करतात, हे मला कोणी सांगायची गरज नाही. म्हणूनच ते नुकसान नेमकं कशातून होतं, हे नीट बघायला हवं.

पैसा हे त्यातलं पहिलं. गट निधीसाठी मेजवान्या भरवत. प्रत्येक खासदाराला तिकिटं विकण्याचा कोटा असे. कोट्यापेक्षा जास्त विकणाऱ्याला जादा रक्कम परत मिळे आणि आबे गटात ती वर्षानुवर्षं हिशेबात नोंदवली जात नव्हती. हे उघडकीस कसं आलं? कम्युनिस्ट पक्षाच्या 'आकाहाता' या वृत्तपत्राच्या बातमीदारांनी तिकिटं विकत घेणाऱ्या संस्थांचे जाहीर अहवाल गटांच्या जाहीर अहवालांशी ताडून पाहिले. एकीकडे दिलेली रक्कम दुसरीकडे सापडेना. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बातमी छापून आली. कोबे गाकुइन विद्यापीठातले प्राध्यापक हिरोशी कामिवाकी यांनी त्यावरून फिर्यादी दिल्या आणि वर्षभराने सरकारी वकिलांचं पथक गटांच्या कार्यालयांत शिरलं. एप्रिल २०२४ मध्ये पक्षाने ३९ जणांवर कारवाई केली.

या घटनाक्रमात मला एक गोष्ट सतत दिसते. चोरी पकडली गेली, कारण गटाला नाव होतं, पत्ता होता, कोषाध्यक्ष होता, आणि कायद्याने दरवर्षी हिशेब द्यावा लागत होता. ज्याला नाव नाही, सदस्यांची यादी नाही, फक्त एखाद्या हॉटेलात जेवणाला जमणारे आणि मोबाइलवर निरोप देणारे पन्नास खासदार आहेत, त्याच्या हिशेबाची फाइल कोणता पत्रकार कुठून मागवणार? गट मोडून आपण हिशेब मागण्याचं ठिकाणच मोडलं.

विसर्जनाने काही चांगलंही केलं, ते नाकारता येणार नाही. सप्टेंबर २०२४ च्या लढतीत तब्बल नऊ उमेदवार होते. त्याआधी इतके कधीच नव्हते. त्यात दोन स्त्रिया होत्या, सानाए ताकाइची आणि योको कामिकावा. जुन्या किशिदा गटातून योशिमासा हायाशी आणि कामिकावा असे दोघे उतरले, जे गट शाबूत असता तर घडणं कठीण होतं. २०१५ सारखी बिनविरोध निवड निदान त्या वर्षी झाली नाही. पण ही मोकळीक पहिल्या फेरीपुरतीच होती. पहिल्या फेरीत ताकाइचींना १८१ आणि शिगेरू इशिबांना १५४ मतं पडली. दुसऱ्या फेरीत इशिबा २१५ विरुद्ध १९४ ने जिंकले. मधल्या तासाभरात हरलेल्या सात उमेदवारांचे खासदार कुठे वळले, कोणाच्या सांगण्यावरून वळले, हे ताडणं सोपं होतं, सिद्ध करणं अशक्य.

वर्षभराने, ४ ऑक्टोबर २०२५ ला, ताकाइची दुसऱ्या फेरीत जुनइचिरो कोइझुमींचे पुत्र शिंजिरो कोइझुमींना १८५ विरुद्ध १५६ असं हरवून अध्यक्ष झाल्या आणि त्याच महिन्यात जपानच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान. सदस्यांचा कौल स्पष्टपणे त्यांच्या बाजूने होता. पण खासदारांची मतं १४९ विरुद्ध १४५ अशी जवळजवळ सारखी वाटली गेली होती, आणि अशा वेळी एकमेव शिल्लक राहिलेल्या आसो गटाच्या चाळीसहून अधिक खासदारांना मोठंच महत्त्व आलं. नंतर तारो आसो पक्षाचे उपाध्यक्ष झाले आणि त्यांच्याच गटाचे शुन्इची सुझुकी सरचिटणीस. बाकीच्यांनी पाट्या उतरवल्याचा फायदा ज्याने उतरवली नाही त्याला झाला. पण आसोंचा गट जाहीर असल्यामुळेच हे मला इथे लिहिता येतंय. विसर्जित गटांतल्या जुन्या मैत्र्यांनी त्या दिवशी काय केलं, हे असं नावानिशी लिहिता येत नाही.

दुरुस्ती कुठे हवी, हे या दुसऱ्या फेरीकडे पाहिलं की कळतं. पहिल्या फेरीत सगळ्या सदस्यांच्या मतांना मिळून खासदारांच्या मतांइतकं वजन असतं. दुसऱ्या फेरीत खासदारांची शेकडो मतं तशीच राहतात आणि दहा लाख सदस्यांच्या वाट्याला ४७ प्रांतांची मिळून ४७ मतं उरतात. २०१२ मध्ये तर तीही नव्हती. तेव्हा इशिबांना पहिल्या फेरीत सदस्यांची ३०० पैकी १६५ मतं होती, एकूण १९९. आबेंना एकूण १४१. दुसऱ्या फेरीत फक्त खासदारांनी मत दिलं आणि आबे १०८ विरुद्ध ८९ ने जिंकले. २०२१ मध्ये सदस्यांचे लाडके होते तारो कोनो, जिंकले किशिदा. २०२४ मध्ये सदस्यांच्या मतांत ताकाइची एका मताने का होईना पुढे होत्या, जिंकले इशिबा. सदस्यांचा पहिला पसंतीक्रम वारंवार असा उलटत असेल, तर गट असोत वा नसोत, सौदा खासदारांच्या खोलीतच होणार. सौद्याला जागा नियम देतो आणि शिव्या मात्र गटांच्या पाटीला बसतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. संसदीय व्यवस्थेत पंतप्रधानाला खासदारांचा विश्वास लागतो, मग खासदारांचं मत जास्त का नसावं? सदस्यांच्या लाटेवर आलेला नेता सभागृहात एकाकी पडला तर सरकार चालणार कसं? इशिबांचंच पाहा. खासदारांत त्यांचा पाया कायम कच्चा राहिला आणि कनिष्ठ सभागृहातलं बहुमत ऑक्टोबर २०२४ मध्ये, वरिष्ठ सभागृहातलं जुलै २०२५ मध्ये गेल्यावर त्यांना सावरायला फारसं कोणी पुढे आलं नाही. हे मला मान्य आहे. म्हणूनच खासदारांचं मत काढून घ्या असं मी म्हणत नाही. पहिल्या फेरीत जे निम्मं-निम्मं वजन पक्षाने स्वतःच न्याय्य मानलं आहे, तेच दुसऱ्या फेरीत का नको, एवढाच माझा प्रश्न आहे.

मतदान गुप्त असावं, हेही मला पटतं. २०१८ मध्ये आबेंच्या प्रचारकांनी जमलेल्या खासदारांना कात्सु करी खाऊ घातली. ३३३ ताटं गेली आणि आबेंना खासदारांची मतं पडली ३२९. करी खाऊन मत दुसऱ्याला देणारे कोण, याची चर्चा कितीतरी दिवस चालली. ती मोकळीक खासदाराला असलीच पाहिजे, नाहीतर गटप्रमुख त्याला जगू देणार नाही. पण गट म्हणून जो निर्णय घेतला जातो, तो मात्र उघड हवा. कोणता गट, त्याचे सदस्य कोण, त्याने कोणत्या उमेदवाराला कोणत्या धोरणासाठी पाठिंबा दिला, निकालानंतर त्यातल्या किती जणांना कोणती पदं मिळाली, हे सगळं पक्षाच्या नोंदीत यावं. पैसा गोळा करायला गटांना पूर्ण मनाई असावी, गटाकडून खासदारांना मिळणारा वर्षाअखेरीचा 'मोचीचा पैसा' आणि उन्हाळ्यातला 'बर्फाचा पैसा' वाटायलाही. खासदारांनी मतांनुसार एकत्र यावं, नवख्यांना शिकवावं, अर्थकारणावर आणि संरक्षणावर आपापली भूमिका घडवावी. हे काम कोचिकाईने एकेकाळी उत्तम केलं होतं आणि त्याची जागा घेणारं अजून काही उभं राहिलेलं नाही.

मेजवानीच्या तिकिटांची जाहीर नोंद करण्याची मर्यादा २ लाख येनवरून ५० हजार येनवर आणणारा नियम १ जानेवारी २०२७ पासून लागू होतोय. अध्यक्षाची ठरलेली मुदत त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संपते. दुसऱ्या फेरीचा नियम बदलायला पक्षाला संसदेत कायदा करावा लागत नाही, स्वतःची नियमावली दुरुस्त केली की पुरे. गट मोडल्याचं श्रेय ज्यांनी घेतलं, त्यांनी ती दुरुस्ती पुढच्या लढतीचे अर्ज भरले जाण्याआधी करून दाखवावी.